आगगाडीने माहेरी

टोपी घट्ट धरा. ओक्लाहोमाच्या माळावरचा वारा पाहुण्यांची भीड ठेवत नाही. साल 1907, ऑक्टोबर महिना. तुम्ही कॅश नावाच्या चिमुकल्या स्टेशनवर उभे आहात. दातांत धूळ करकरतेय, नाकात कोळशाचा धूर जातोय. गर्दी तर जत्रेसारखी: गोरे शेतकरी, फुरफुरणारे घोडे, किरकिरणारी पोरं, ब्लँकेटं पांघरलेल्या कोमांची बायका. आणि ते दोन लांब वेण्यांवाले? क्वाना पार्कर, कोमांची या इथल्या मूळनिवासी जमातीचे प्रमुख.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून सात दिवस प्रवास करून पाहुणे आलेत. डब्याचं दार सरकतं आणि सगळ्यांत आधी उतरतो तो वास. दमट गवत, शेण, कोंडलेला घाम. मागोमाग लाकडी पेट्या, एकेकीत एकेक जनावर, एकूण 15. फटीला डोळा लावा. लावा की! आत नुसता काळोख. मग कळतं, त्या काळोखालाच डोळा आहे आणि तो तुमच्याकडे बघतोय. ऊन श्वास गालावर आदळतो. इथे याला बफेलो म्हणतात, म्हणून गोठ्यातली म्हैस शोधू नका. हा बायसन, दाजीपूरच्या गव्याचा लांबचा भाऊबंद. खांद्यावर उंच वशिंड, हनुवटीला दाढी, अंगावर जन्माची घोंगडी. तो हंबरत नाही, छातीतून घुमतो, फळ्या थरथरतात.

शेजारची चिमुरडी आजोबांमागे लपते. तिने हे जनावर कधी पाहिलेलंच नाही. आजोबांच्या तरुणपणी मात्र घर त्याच्यावरच चालायचं: मांस पोटाला, कातडं तंबूला, शिंगाचे चमचे, वाळलेलं शेण चुलीला. मग कातड्यांचा धंदा आला. कारखान्यांच्या पट्ट्यांसाठी कातडी सोलली, मांस जागीच कुजलं, पुढे हाडंही खतासाठी वेचून विकली. सगळा माल गेला आगगाडीनेच. कोट्यवधींचे जेमतेम हजारभर उरले. आज आगगाडी त्यांतले पंधरा परत करतेय. आजोबा बोलत नाहीत; पेटीच्या फळीवर तळहात टेकून उभे राहतात.

पेट्या घोडागाड्यांवर चढतात. तुम्हीही बसा मागे. विचिटा डोंगरांत बायसनसाठी राखलेल्या रानापर्यंत सुमारे 12 मैल, कंबर खिळखिळी होणार. वाटेत हॉर्नडेसाहेबांची गंमत ऐका. विल्यम हॉर्नडे म्हणजे ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयाचे प्रमुख. वीस वर्षांपूर्वी हेच गृहस्थ संग्रहालयात पेंढा भरून मांडायला बायसन हवेत, म्हणून बंदुका घेऊन मोंटानात गेले होते. किती थोडे उरलेत हे पाहून हादरले आणि वाचवायच्या मागे लागले. 1905 साली अमेरिकन बायसन सोसायटी उभी राहिली, तिचे अध्यक्षही तेच.

पोचलो. समोर नवं कोरं तारेचं कुंपण, ज्यासाठी सरकारी तिजोरीतून 15,000 डॉलर सुटले. गोचिडांपासून बचाव म्हणून जनावरांना कच्चं तेल लावतात. त्या दर्पाने डोळे चुरचुरतात. मग एक नर माळाकडे तोंड करून वारा हुंगतो, धुळीत आडवा होतो आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळतो. सगळ्या प्रवासाचा शिणवटा एका लोळणीत गेला!

आज विचिटाच्या माळावर सुमारे 650 बायसन चरतात. कुंपण मात्र अजूनही आहे.