प्रतिनायकाचे स्थलांतर : रावण, जरासंध आणि महिष

कोंढा हे गाव भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात मोडते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात हा प्रदेश वाकाटकांच्या राज्यात होता, आणि त्याच घराण्यातील दुसरा प्रवरसेन याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे. त्याचे दुसरे नाव ‘रावणवहो’, म्हणजे रावणवध. हा वध तेथे अर्थातच रामाच्या हातून होतो. परंतु जैन महाराष्ट्रीत रचलेले विमलसूरीचे ‘पउमचरिय’ हाती घ्यावे, तर रावण मरतो तो लक्ष्मणाच्या हातून. भाषा जवळजवळ तीच, प्रतिनायक तोच, लंकेचे युद्धही तेच. शत्रू मात्र एका वीराकडून दुसऱ्याच्या वाट्यास गेला आहे. हे हस्तांतर का झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

असा प्रकार केवळ प्राचीन वाङ्मयातच घडतो असे नाही. अमेरिकन चित्रकथांतील किंगपिन हा गुन्हेगारांचा म्होरक्या १९६७ साली स्पायडर-मॅनचा वैरी म्हणून अवतरला. १९८१ पासून फ्रँक मिलर या लेखक-चित्रकाराने त्यास डेअरडेव्हिलच्या कथांत आणले, आणि पुढे तो त्याचाच मुख्य शत्रू म्हणून ओळखला जाऊ लागला. डेअरडेव्हिल हा पेशाने वकील. कायदा विकत घेणारा शत्रू कायद्यावर श्रद्धा असणाऱ्याच्या समोर उभा करताच त्याचे वजन वाढले. शत्रू तोच राहूनही नवा नायक त्याचा अर्थ पालटतो, एवढे या उदाहरणावरून ध्यानी घ्यावे.

आता विमलसूरीकडे वळू. त्याच्या ग्रंथारंभी राजा श्रेणिक गौतमापाशी शंका काढतो, की रावणादी राक्षस मांसभक्षक होते, कुंभकर्ण सहा महिने झोपत असे, वानरांनी बलाढ्य राक्षसांना जिंकले, या गोष्टी खऱ्या मानाव्यात तरी कशा? उत्तरादाखल जी कथा येते तीत रावण हा विद्याधरवंशीय राजा आणि जिनभक्त आहे. त्याची दहा तोंडे म्हणजे गळ्यातील रत्नहारात उमटलेली मुखाची प्रतिबिंबे. परस्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध बळजोरी न करण्याचे त्याचे व्रत आहे. असा हा सुसंस्कृत पुरुष एका मोहापायी नष्ट होतो.

याला मारावयाचे कोणी? जैन पुराणांच्या त्रेसष्ट शलाकापुरुषांत नऊ बलदेव, नऊ वासुदेव व नऊ प्रतिवासुदेव येतात. राम हा आठवा बलदेव, लक्ष्मण वासुदेव आणि रावण प्रतिवासुदेव. बलदेवाने शत्रुवध करावयाचा नाही. ते काम वासुदेवाचे. म्हणून रावणाने फेकलेले चक्र लक्ष्मणास प्रदक्षिणा घालून त्याच्याच हाती स्थिरावते, आणि त्याच चक्राने रावणाचा शिरच्छेद होतो. राम पुढे दीक्षा घेऊन मोक्षास जातो. लक्ष्मण नरकात जातो.

हा सांकेतिक चौकटीचा परिणाम आहे असे म्हणून विषय संपविणारे अभ्यासक आहेत. प्रस्तुत लेखकास ते पुरेसे वाटत नाही. अहिंसा हा ज्या धर्माचा पाया, त्याला रामासारखा लोकप्रिय नायक तर हवा होता, परंतु त्याच्या हातावरील रक्त नको होते. ते रक्त पुसून टाकण्याऐवजी जैन कवींनी ते धाकट्या भावाच्या हातावर ठेवले, आणि त्याचा हिशेबही चुकता केला. स्वर्गास गेलेल्या सीतेचा जीव नरकात उतरून लक्ष्मण व रावण या दोघांनाही बोध करतो, असा प्रसंग या परंपरेत आहे. मारणारा व मेलेला एकाच यातनास्थानी! वाल्मीकीच्या रचनेत या दृश्यास जागाच नाही.

कैलासाची कथाही अशीच हलली आहे. उत्तररामायणात शंकर पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो आणि खाली सापडलेला रावण आक्रोश करतो. वेरूळच्या सोळाव्या लेण्यातील शिल्प प्रसिद्धच आहे. जैन कथेत पर्वत दाबणारा असतो वाली, आणि तोही वानरराजा नव्हे, तर तपोनिष्ठ मुनी. रावणाचे गर्वहरण दोन्हीकडे आहे. श्रेय मात्र ज्याच्या त्याच्या पूज्य पुरुषास मिळाले.

जरासंधाच्या बाबतीत हेच उलट दिशेने घडले. महाभारतात तो वैरी कृष्णाचा. त्याच्यामुळेच यादवांना मथुरा सोडून द्वारकेस जावे लागले. तरीही मल्लयुद्धात त्याला चिरतो भीम. पुन्नाटसंघीय जिनसेनाच्या ‘हरिवंशपुराणा’त (इ. स. ७८३) कृष्ण वासुदेव ठरल्यामुळे जरासंधवध त्याच्याच चक्राने होतो, आणि भीमाचा तो मोठा पराक्रम हिरावला जातो.

भागवताने मात्र निराळीच युक्ती योजली. हिरण्यकशिपू, रावण व शिशुपाल हे तिघे नृसिंह, राम व कृष्ण या तिघांचे शत्रू. पण विष्णूचा शापित द्वारपालच तीन जन्म घेऊन आला, असे सांगून या पुराणाने शत्रू आणि नायक दोघांनाही एकेकच ठेवले. मांडणी कुशल आहे, यात संशय नाही. पण अशा व्यवस्थेत शत्रूचा अपराध जवळजवळ नाटकी होऊन बसतो, हेही नमूद केले पाहिजे.

महिषाची वाटचाल महाराष्ट्रास अधिक जवळची आहे. महाभारताच्या वनपर्वात तो देवांवर चालून येतो, रुद्राचा रथ धरतो, आणि स्कंद शक्ती फेकून त्याचे मस्तक तोडतो. मार्कंडेयपुराणांतर्गत देवीमाहात्म्यात हा वध देवीचा झाला, आणि पुढे स्कंदाचा दावा लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला. वामनपुराणात दोन्ही वध नांदतात. संकलकाने त्यांची तडजोड करण्याची फारशी तसदी घेतलेली दिसत नाही. तुळजापूरची भवानी महिषमर्दिनीच आहे. याउलट दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात महिषासुराचे नाते म्हसोबाशी जोडले. हा म्हसोबा शेंदूर माखलेल्या दगडाच्या रूपाने शेताच्या बांधावर व गावाच्या शिवेवर बसतो. त्याला तेथे मारणारा कोणी नाही. पिकाची आणि गुराढोरांची राखण एवढेच त्याच्याकडे मागितले जाते.