पाद्रुआदोचा वाद आणि संस्कारांची वैधता

पूर्वजांच्या नोंदी शोधण्यासाठी चर्चच्या कार्यालयात येणारी मंडळी कधीकधी आम्हाला एक अवघड प्रश्न विचारतात : “फादर, आमचे पणजोबा पाद्रुआदोच्या चर्चचे. त्या काळी दुसऱ्या पक्षाचे लोक त्यांच्या पाद्रींना फुटीर म्हणत. मग त्यांची लग्ने, त्यांची कुमसारे खरी होती ना?”

प्रश्नाचे मूळ मुंबईच्या इतिहासात आहे. पोर्तुगालच्या राजाला पोप महोदयांनी बहाल केलेला धर्माश्रयाचा हक्क म्हणजे पाद्रुआदो. १६२२ साली रोममध्ये प्रोपागांडा फिदे हे मंडळ स्थापन झाले व मिशनकार्याची सूत्रे रोमने स्वतःकडे घेण्यास आरंभ केला. १७२० साली इंग्रजांनी मुंबई बेटातून पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून प्रोपागांडाच्या कार्मेलाइट धर्मगुरूंना पाचारण केले. १७९४ साली चर्चेसची वाटणीच झाली. एकाच शहरात दोन अधिकार नांदू लागले.

१८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या आज्ञापत्राने कोचीन, मैलापूर आदी ठिकाणचा पाद्रुआदोचा अधिकार काढून घेतला. गोवेकर पक्षाने हे मानले नाही. राजाच्या संमतीवाचून त्याचा हक्क हिरावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. १८५३ साली तर माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमान यांना वेढा पडला!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चौथ्या शतकात आफ्रिकेतील दोनातुसपंथीयांनी असाच पेच उभा केला होता. अपात्र सेवकाने दिलेला स्नानसंस्कार व्यर्थ, असे ते म्हणत. संत आगुस्तीन यांनी उत्तर दिले, की सेवक कोणीही असो, स्नानसंस्कार देणारा ख्रिस्तच असतो. त्यामुळे पाद्रुआदोच्या धर्मगुरूंनी दिलेला स्नानसंस्कार आणि त्यांनी अर्पिलेली मिस्सा यांच्या वैधतेबद्दल शंकेस जागाच नव्हती. त्यांची गुरुदीक्षा खरी होती. वाद होता तो अनुज्ञेचा.

पापक्षमा आणि विवाह यांची गोष्ट मात्र निराळी. त्रेंतच्या धर्मपरिषदेनुसार पापमोचनास गुरुदीक्षेबरोबर अधिकारही लागतो. आणि जेथे तिचा १५६३ चा विवाहविषयक हुकूम लागू होता, तेथे विवाहास धर्मग्रामाचे धर्मगुरू, अथवा त्यांच्या वा बिशपांच्या अनुमतीने दुसरे धर्मगुरू, आणि साक्षीदार आवश्यक होते. भाविकांची भीती नेमकी येथेच होती. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यात एक ममतेचे तत्त्व आहे. लोक सर्वसाधारणपणे ज्यांना आपले धर्मगुरू समजून शरण जातात, त्यांच्या अधिकारातील उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते. मरणासन्न माणसाला तर कोणताही धर्मगुरू पापमुक्त करू शकतो. धर्माधिकाऱ्यांच्या भांडणाचा दंड भोळ्या भाविकांनी भरू नये, हाच त्यामागील हेतू.

१८८६ च्या करारानंतरही मुंबईतील दुहेरी अधिकार टिकून राहिला. तो १९२८ साली संपला, आणि १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

म्हणून विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो : निश्चिंत असा. तुमच्या पणजोबांनी श्रद्धेने गुडघे टेकले, ते ख्रिस्तापुढे. अधिकार हवाच, पण तो कृपेचा कारभारी आहे, धनी नव्हे. आम्हा धर्मगुरूंनी तर हे रोज स्मरावे.