दुसरा रुग्ण हृदयाचा होता

1895 चा सप्टेंबर. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट. एके काळी किराणा विकणारे डी. डी. पामर तिथे ‘चुंबकीय’ उपचार करायचे. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीचा मणका त्यांनी हाताने दाबून बसवला आणि 17 वर्षांचं बहिरेपण गेलं, असं पामर यांनी लिहून ठेवलं. लगेच पुढचा रुग्ण हृदयविकाराचा. मणका सरकून हृदयाच्या नसा दाबल्या गेल्यात, तो बसवताच आराम पडला, ही त्यांची नोंद 1910 च्या ग्रंथात आहे. म्हणजे मणके हाताने बसवण्याचा हा उपचार, कायरोप्रॅक्टिक, आणि हृदय यांचं नातं पहिल्या दिवसांपासूनचं.

तेव्हा हृदय थकलेल्या माणसाचे फार हाल होत. पाय सुजून टम्म, आडवं पडलं की जीव गुदमरायचा, रात्र खुर्चीत बसून काढायची. डॉक्टरांचं मुख्य औषध डिजिटॅलिस. 1785 मध्ये विल्यम विदरिंग यांनी त्याचा अभ्यास मांडला होता, पण मात्रा जरा वाढली की विषबाधा. सुजलेल्या पायांत बारीक नळ्या घालून पाणी काढत. अशा वेळी नुसत्या हातांनी बरं करणाऱ्याकडे लोक गेले, यात त्यांचं काय चुकलं?

पामर यांचा तर्क मात्र टिकला नाही. 1907 मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना ठोक्याचा उगम हृदयातच सापडला. 1967 मध्ये केपटाउनला क्रिस्तियान बर्नार्ड यांनी एकाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. सगळ्या नसा कापलेल्या, तरी ते धडधडू लागलं. नसांचा हृदयावर परिणाम होतो हे खरंच आहे. पण हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय थकतं तेव्हा, या नसा त्याला उलट चाबूक मारत राहतात. तो मार चुकवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी 1999 च्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मणके बसवून हार्ट फेल्युअर सुधारल्याचा असा भक्कम पुरावा नाही.

कंबरदुखीत या हातांचा काहींना उपयोग होतो, आणि हृदयाच्या रुग्णाचीही कंबर दुखतेच. त्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं आधी सांगावं, मानेला झटका देऊ देऊ नये. आणि उपचाराच्या टेबलावर पालथं झोपताच धाप लागली, तर उठून थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं.