बुशाची दोन घराणी

बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली काढली आणि तिचा साखर कारखाना श्रीपूरला उभा राहिला. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या सस्पेन्शनला कोणता बुश घालावा, या प्रश्नाचं निम्मं उत्तर अशा कारखान्याच्या आवारातच मिळतं. ऊस वाहणाऱ्या लाकडी चाकाच्या गाडीत आस आणि तुंबा यांच्यामध्ये लोखंडी बुश असायचा, आणि गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकायचं. आत गव्हाणीतून ऊस चरकाकडे जाई, तिथे लाटांच्या टोकांखाली गनमेटलची बेअरिंगं. आकार वेगळे असले तरी नियम एकच: एक धातू दुसऱ्यावर घासणार, मधे वंगण राहणार, आणि झिजायचंच तर स्वस्तातला, बदलता येणारा भाग झिजणार. महागडी लाट वाचली पाहिजे.

मोटारीनेही आधी हेच घराणं उचललं. स्प्रिंगच्या पाट्याच्या डोळ्यात पितळी किंवा काशाचा बुश, त्यात पिन, आणि ठरावीक मैलांनी ग्रीसगन. मालकाने ग्रीस विसरलं की कुरकुर, मग खडखड.

दुसरं घराणं रबराचं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ केलं, तरी त्याचा बुशासाठी उपयोग सुचायला बराच काळ गेला. 1920च्या दशकात फ्रान्समध्ये सायलेंटब्लॉक नावाचा बुश आला: आत पोलादी नळी, बाहेर पोलादी नळी, मधे दाबून बसवलेलं रबर. आपल्याकडचे मिस्त्री आजही त्याला सायलेंट ब्लॉकच म्हणतात. यात काहीच घासत नाही. आतली नळी बोल्टने चासीला घट्ट, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली. आर्म वरखाली झाला की रबराला पीळ पडतो आणि सुटतो. म्हणून वंगण नको. उलट खनिज तेल लागलं तर नैसर्गिक रबर फुगून कुजतं. बैलगाडीच्या सवयीने कुरकुरणाऱ्या रबरावर तेल सोडणारे हात मात्र अजून आहेत.

या पिळामुळेच एक पथ्य पाळावं लागतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश अल्पावधीत फाटतात. शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायची.

आता पॉलीयुरेथेन. जर्मनीत ऑटो बायरने 1937 मध्ये त्याच्या रसायनाचा पाया घातला. दुकानदार त्याला रबराचा सुधारलेला अवतार म्हणून विकतात. माझ्या मते ही कुळाची गफलत आहे. बाजारातला बहुतेक पॉली बुश नळीला चिकटवलेला नसतो. तो नळीवर फिरतो, घासतो, आणि त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. रंग लाल-पिवळा असला तरी गोत्र बैलगाडीचं. डेलरिन हे प्लास्टिक त्याच रांगेतलं, आणखी कडक; शर्यतीच्या ट्रॅकवर शोभतं, आपल्या रस्त्यावर कंबर मोडतं.

एमजीबीचंच उदाहरण घ्या. 1962 साली आलेल्या या गाडीच्या पुढच्या खालच्या आर्मला साधे रबरी बुश होते. 1973च्या व्ही-8 मॉडेलला पोलादी नळीचे, जास्त ताठ रबरी बुश आले, आणि साध्या एमजीबीचे मालक आजही तेच बसवतात. वळणावर चाक जागचं कमी हलतं, पण वंगणाची कटकट मागे लागत नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मी हाच मार्ग सांगेन. फक्त रबर ताजं बघून घ्या. कपाटात तीस वर्षं जपलेला ‘ओरिजिनल’ बुश ऑक्सिजनने आतल्या आत कडक झालेला असतो. पॉली घालायची हौस असेल तर अँटी-रोल बारवर घाला. तिथे बार बुशात फिरतोच, आणि दोन बोल्ट काढून पुन्हा ग्रीस भरता येतं.