‘जागा किती उरली?’ : डिस्कला विचारायच्या प्रश्नाची कुळकथा

डिस्कवर किती जागा शिल्लक आहे, ती कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे, तिचे नाव आणि क्रमांक काय, तिच्यावर फाइलचे नाव किती लांब चालते, हे आज कोणताही प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतो. फोटो काढताना फोनवर येणारी ‘स्टोअरेज भरत आले’ ही सूचना, कचेरीतल्या संगणकावर बॅकअप सुरू होण्याआधीची तपासणी, पेन ड्राइव्ह लावल्यावर दिसणारी निळी पट्टी, या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. मात्र ही सोय मुळात नव्हती. सुरुवातीचे प्रोग्राम कुणाला विचारत नसत, डिस्क स्वतःच उघडून पाहत. पाहणे जाऊन विचारणे कसे आले आणि विचारायला लागल्यावर उत्तर एकच का राहिले नाही, एवढीच ही कुळकथा आहे.

आयबीएमचे १९५६ चे ३५० हे डिस्क युनिट ५० तबकड्यांचे होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. प्रोग्राम थेट पत्ता देई : अमुक तबकडी, अमुक ट्रॅक. मोकळी जागा कुठे आहे याचा हिशेब प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच ठेवायचा. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० च्या काळात तबकड्यांचा गठ्ठा काढून दुसरा बसवणे नेहमीचे झाले आणि नवीच अडचण उभी राहिली. ऑपरेटरने बसवलेला गठ्ठा हवा तोच आहे, हे यंत्राला कळणार कसे? म्हणून प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्याच ट्रॅकवर लेबल आणि त्यात सहा अक्षरी अनुक्रमांक आला. पुढे कुठेतरी ‘व्हीटॉक’ ही सूची असे. तिच्यातल्या नोंदींना प्रकार ठरवून दिलेले होते : चौथ्या प्रकारची नोंद खुद्द गठ्ठ्याची माहिती सांगे, पाचव्या प्रकारची मोकळ्या पट्ट्यांची. ‘ऑब्टेन’ या मॅक्रोने प्रोग्रामला या नोंदी वाचता येत. व्हॉल्यूमची ओळख आणि मोकळी जागा डिस्कवरच लिहून ठेवायची, ही चाल या घराण्यात पक्की झाली.

दुसरे घराणे बेल लॅब्जचे. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येच ‘डीएफ’ ही आज्ञा आहे, आणि आजही लिनक्सच्या टर्मिनलवर ती त्याच नावाने चालते. तिच्या पोटातले काम मात्र तेव्हा अगदी वेगळे होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतली डीएफ डिस्कची कच्ची फाइल उघडायची, तिच्यातला सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची माहिती असलेला ब्लॉक, वाचायची आणि मोकळ्या ब्लॉकांच्या साखळीची एकेक कडी ओलांडत मोजत जायची. त्यासाठी सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ब्लॉक वाटून देणारे जे फंक्शन होते, त्याचीच एक नक्कल या छोट्या प्रोग्राममध्ये होती. ब्लॉक मागायचे नाटक करायचे, मिळेनासे झाले की थांबायचे आणि तोवर किती मिळाले ते छापायचे. याच आवृत्तीच्या सुपरब्लॉकच्या व्याख्येत एकूण मोकळे ब्लॉक, मोकळे आयनोड (एकेका फाइलची नोंद ठेवायच्या जागा), फाइल सिस्टिमचे सहा अक्षरी नाव आणि गठ्ठ्याचे सहा अक्षरी नाव यांना घरे आखून ठेवली होती. पण शेजारीच टीप होती, की ही घरे सध्याची सिस्टिम सांभाळत नाही. वाड्याला खोल्या बांधल्या होत्या, राहायला अजून कुणी आलेले नव्हते.

ते रहिवासी आले युनिक्सच्या सिस्टिम थ्री या आवृत्तीत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. ‘यूस्टॅट’ हा सिस्टिम कॉल त्या मोकळ्या घरांमधली माहिती प्रोग्रामच्या हाती द्यायचा : मोकळे ब्लॉक, मोकळे आयनोड आणि ती दोन सहा अक्षरी नावे. डिस्क उघडण्याचा अधिकार नसलेल्या साध्या प्रोग्रामलाही आता विचारता येऊ लागले. यूस्टॅटची चलती फार दिवस टिकली नाही. लिनक्सने तो जुन्या प्रोग्रामांपुरता ठेवला, पण दोन्ही नावांच्या जागी नेहमी शून्येच भरली. २०१८ मध्ये जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीतून तर त्याचे दारच काढून टाकले.

यूस्टॅट मागे पडला त्याला दोन कारणे होती. पहिले बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सचे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमधली नवी फाइल सिस्टिम डिस्क पूर्ण भरली की मंदावायची, म्हणून तिच्यात दहा टक्के जागा राखून ठेवली जाई. ती फक्त प्रशासकाला वापरता येई. त्या दिवसापासून ‘मोकळी जागा’ दोन प्रकारची झाली : डिस्कवर असलेली आणि विचारणाऱ्याला मिळू शकणारी. डीएफ टक्केवारी काढताना राखीव भाग एकूण जागेत धरत नसे, त्यामुळे प्रशासकाने सगळी डिस्क भरली की पडद्यावर १११ टक्के दिसायचे. ही चूक नव्हे. शंभराला नव्वदने भागले की तेवढेच येते. लिनक्सच्या एक्स्ट घराण्यात ही राखीव जागा पाच टक्के असते, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी. नवी डिस्क लावल्यावर ‘इतकी जागा गेली कुठे?’ असा प्रश्न पडतो, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

दुसरे कारण सन या कंपनीचे. १९८५ मध्ये सनने एनएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टिम आणली आणि दुसऱ्या यंत्रावरची डिस्क आपलीच असल्यासारखी जोडता येऊ लागली. सुपरब्लॉक वाचायला समोर डिस्कच नाही, मग मोजणार काय? कर्नलमध्ये व्हीएफएस नावाचा मधला थर आला आणि त्याच्यातून ‘स्टॅटएफएस’ हा प्रश्न. प्रोग्रामने फक्त पाथ द्यायचा. त्या पाथची जी कोणती फाइल सिस्टिम असेल ती आपापल्या परीने उत्तर देईल. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत तर हा प्रश्न तारेवरून पलीकडे पाठवायला स्वतंत्र क्रिया आहे, सतरावी, आणि तिच्या उत्तरात मोकळे ब्लॉक आणि मिळू शकणारे ब्लॉक हे दोन वेगळे आकडे आहेत. बर्कलीचा भेद असा नेटवर्कवर गेला. विचारणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते इथून.

स्टॅटएफएसचे प्रत्येक युनिक्सवर वेगळेच रूप झाले, म्हणून सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीतले ‘स्टॅटव्हीएफएस’ मानक म्हणून निवडले गेले. पॉझिक्स या मानकात ते २००१ पासून आहे. त्यात ब्लॉकचे दोन आकार असतात : एक वाचण्या-लिहिण्यासाठी सोयीचा, दुसरा मोजणीचा. एकूण ब्लॉकांना चुकून पहिल्याने गुणले, तर काही यंत्रांवर उत्तर बरोबर येते आणि काहींवर कित्येक पट फुगते. अनेक प्रोग्राम या खड्ड्यात पडले आहेत. याच रचनेत आयनोडची संख्याही मिळते. लाखो बारीक फायली साठवणाऱ्या मेल सर्व्हरवर जागा भरपूर असूनही ‘जागा नाही’ असा निरोप येतो तो आयनोड संपल्यामुळे, आणि जो प्रोग्राम फक्त बाइट विचारतो त्याला ते कळतही नाही.

तिसरे घराणे घरगुती संगणकांचे. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रामला वाटपाच्या नकाशाचा पत्ता मिळे. मोकळे बिट मोजणे त्याचे त्याने करायचे. मार्च १९८३ च्या डॉस २.० मध्ये मात्र नीटस प्रश्न आला : इंटरप्ट २१ चे फंक्शन ३६, दोन्ही आकडे सोळा-आधारी. डीएल रजिस्टरमध्ये ड्राइव्हचा क्रमांक ठेवायचा, शून्य म्हणजे चालू ड्राइव्ह, एक म्हणजे ए. परत आल्यावर एएक्समध्ये एका क्लस्टरचे, म्हणजे वाटपाच्या एककाचे, सेक्टर, बीएक्समध्ये मोकळे क्लस्टर, सीएक्समध्ये एका सेक्टरचे बाइट आणि डीएक्समध्ये एकूण क्लस्टर. ३६० केबीच्या कोऱ्या फ्लॉपीचे उत्तर असे येई : २ सेक्टर, ५१२ बाइट, ३५४ क्लस्टर. गुणाकार केला की ३,६२,४९६ बाइट, फॉरमॅट संपल्यावर पडद्यावर दिसायचा तोच आकडा.

रजिस्टर १६ बिटांचे, त्यामुळे क्लस्टरांची मोजणी ६५,५३५ च्या पुढे जाणार नाही. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर एफएटी३२ आले तेव्हा हे जुने उत्तर २ जीबीवर अडवून ठेवावे लागले. डिस्क ६ जीबीची असो, जुन्या प्रोग्रामला २ जीबीच सांगायचे, म्हणजे त्याचा गुणाकार फुटणार नाही. खोटे पण निरुपद्रवी उत्तर देण्याचा हा निर्णय शहाणपणाचाच होता. विंडोजमध्ये त्याच सुमारास ‘गेटडिस्कफ्रीस्पेसईएक्स’ आले. ते ६४ बिटांत तीन आकडे देते : विचारणाऱ्याला मिळू शकणारी जागा, एकूण जागा आणि एकूण मोकळी जागा. विंडोज २००० मध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा कोटा ठरवता येऊ लागल्यावर पहिला आणि तिसरा आकडा वेगळे का, हे सगळ्यांना कळले.

व्हॉल्यूमच्या बाकीच्या गुणांची चौकशी विंडोज एनटीने १९९३ मध्ये ‘गेटव्हॉल्यूमइन्फर्मेशन’ या एकाच कॉलमध्ये आणली : लेबल, अनुक्रमांक, नावाची कमाल लांबी, फाइल सिस्टिमचे नाव आणि ती काय काय करू शकते याचे बिट. यातला अनुक्रमांक डॉस ४.० पासूनचा. तो फॉरमॅट करतानाच्या तारीख-वेळेवरून बनतो, कारखान्यातून येत नाही. तरी कॉपी रोखण्यासाठी अनेक प्रोग्राम यंत्राची ओळख म्हणून तोच वापरत, आणि डिस्क पुन्हा फॉरमॅट केली की रीतसर पैसे भरलेला ग्राहकही परका ठरे.

नावाची कमाल लांबी हा गुण मराठी वापरकर्त्याला सर्वांत जवळचा आहे. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत एका नोंदीला १६ बाइट होते. दोन आयनोडला गेले की नावाला उरत १४. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एका बाइटात बसे, म्हणजे ‘नाशिक’ला पाच बाइट पुरत. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये त्याच चिन्हाला तीन बाइट लागतात. न, काना, श, पहिली वेलांटी, क : पाच चिन्हे, १५ बाइट. चौदाच्या मापात ‘नाशिक’ मावलेच नसते. शेवटच्या ‘क’चे तीनपैकी दोनच बाइट आत गेले असते. बर्कलीने मर्यादा २५५ वर नेली, म्हणून ही वेळ आली नाही.

गोम पुढेच आहे. लिनक्सच्या एक्स्ट४ ला नावाची मर्यादा विचारली तर उत्तर २५५, विंडोजच्या एनटीएफएसला विचारली तरी २५५. पहिले २५५ बाइट आहेत, दुसरे १६ बिटी एकक. देवनागरीपुरते बोलायचे तर एकीकडे ८५ चिन्हे, दुसरीकडे २५५. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा वाटतो, पण पायमोडे धरून त्यात १३ चिन्हे आहेत, म्हणजे ३९ बाइट. ‘नाशिक जिल्हा त्र्यंबकेश्वर तालुका हरसूल ग्रामपंचायत मासिक सभा इतिवृत्त आणि जमाखर्च विवरणपत्र’ हे कचेरीत सहज दिले जाईल असे नाव घ्या. ८१ चिन्हे आणि ११ मोकळ्या जागा मिळून २५४ बाइट, अगदी काठोकाठ. त्याला ठिपका आणि पीडीएफची तीन रोमन अक्षरे जोडली की २५८. एनटीएफएसवर ९६ एककांचे हे नाव आरामात राहते. एक्स्ट४ वर कॉपी करताना ‘नाव फार लांब’ म्हणून परत येते. प्रोग्रामने आधी विचारून घेतले असले तरी काही उपयोग नाही, कारण आकडा दोन्हीकडे एकच मिळतो. लिनक्सवर एफएटीचा पेन ड्राइव्ह तर १,५३० सांगतो : २५५ अक्षरे, प्रत्येकी वाईटात वाईट सहा बाइट धरून. घरचा फोल्डर ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद केला असेल तर मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हे.

फाइल सिस्टिम कोणती, या प्रश्नाला विंडोज नाव सांगते, लिनक्सचा स्टॅटएफएस एक खुणेचा आकडा. एनटीएफएस आणि एक्सएफएस यांचे आकडे त्यांच्या रोमन आद्याक्षरांच्या संकेतांवरून बनले आहेत. एक्स्ट२, एक्स्ट३ आणि एक्स्ट४ या तिघांचा आकडा मात्र एकच. त्यावरून प्रोग्रामला आजोबा कोण आणि नातू कोण ते कळत नाही.

अलीकडच्या फाइल सिस्टिमनी उरलीसुरली निश्चितीही घालवली. बीटीआरएफएसमध्ये आयनोड गरजेनुसार बनतात, म्हणून एकूण आयनोड किती या प्रश्नाला ती शून्य म्हणते. ॲपलच्या २०१७ च्या एपीएफएसमध्ये अनेक व्हॉल्यूम एकाच साठ्यातून जागा घेतात आणि प्रत्येक जण तीच मोकळी जागा आपली म्हणून सांगतो. बेरीज केली तर डिस्कपेक्षा मोठी भरते. अँड्रॉइडने तर जुने दुखणे नव्याने ओढवून घेतले. तिथे ब्लॉकांची संख्या आणि ब्लॉकचा आकार दोन्ही ३२ बिटांत मिळत, त्यामुळे साधा गुणाकार २ जीबीला फुटे. २०१३ च्या ४.३ आवृत्तीत ६४ बिटी जोड आली. पुढे ८.० मध्ये ‘किती मोकळी आहे’ याऐवजी ‘मला किती देता येईल’ असे विचारायची सोय झाली. उत्तर देताना सिस्टिम इतर ॲपची पुसता येण्याजोगी कॅशेही हिशेबात धरते.

मोकळ्या जागेचा बाइटपर्यंतचा आकडा दोन फोनांवर सहसा सारखा नसतो, म्हणून त्यावरून फोन ओळखून त्याचा माग काढता येतो. म्हणूनच १ मे २०२४ पासून ॲपलच्या ॲप स्टोअरवर ॲप पाठवणाऱ्याला डिस्कवरची जागा विचारण्याचे कारण ठरलेल्या यादीतून निवडून आधी लिहून द्यावे लागते.