बबल डायग्राम आणि मुंबईतील लहान घर : साकीनाका परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
घर बांधण्यापूर्वी ते कागदावर मांडले जाते. भिंती, दारे व खिडक्या यांचा विचार करण्याआधी घरात कोणती कामे होणार आणि त्यांचा परस्परांशी संबंध कसा असणार हे ठरविण्यासाठी वास्तुविशारद जी आकृती काढतात, तिला 'बबल डायग्राम' म्हणतात. प्रत्येक कामासाठी एक वर्तुळ, जागेच्या गरजेनुसार त्याचा लहानमोठा आकार, निकटच्या संबंधासाठी जाड रेषा, दूरच्या संबंधासाठी बारीक रेषा आणि जेथे संबंध नको तेथे रेषाच नाही, अशी ही साधी पद्धत आहे. प्रस्तुत लेखात तिच्या आधारे मुंबईतील लहान घराचा इतिहास तपासला आहे.

उद्दिष्टे :
१) बबल डायग्राम पद्धतीची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) वाडा, चाळ व ब्लॉक यांच्या मांडणीची तुलना करणे.
३) साकीनाका परिसराच्या संदर्भात या पद्धतीची मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :
प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

पद्धतीची पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी कारखान्यातील श्रम मोजण्याची दृष्टी घरात आली. अमेरिकेतील ख्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१३ च्या सुमारास स्वयंपाकघरात गृहिणीची किती पावले वाया जातात हे रेषांनी दाखविले. बर्लिनमध्ये अलेक्झांडर क्लाइन यांनी १९२८ मध्ये लहान घरांच्या आराखड्यांवर रहिवाशांच्या ये-जा करण्याच्या रेषा काढून त्यांची तुलना केली. पुढे वर्तुळांची आकृती वास्तुशिक्षणात रूढ झाली.

वाडा, चाळ आणि ब्लॉक :
ही आकृती नवी असली, तरी तिच्यामागील विचार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. ओटा, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर व परसदार हा वाड्याचा क्रम म्हणजे एका रेषेत ओवलेली वर्तुळेच होत. कोणी कोठपर्यंत यावे हे त्या क्रमाने ठरत असे. त्यात जातीची व स्त्री-पुरुष भेदाची बंधनेही होती.

मुंबईत हा क्रम मोडला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेटची स्थापना झाली आणि त्यांच्या चाळींत सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली व सामाईक संडास अशी व्यवस्था झाली. येथे सर्व वर्तुळे एकमेकांवर आली. जी आत मावली नाहीत, ती गॅलरीत गेली. दुसरीकडे दादर-माटुंगा भागातील ब्लॉकमध्ये संडास घरात आला. तो स्वयंपाकघर व देवघर यांपासून दूर कसा ठेवावा, हा मध्यमवर्गीयांपुढील प्रश्न होता. पुण्याचे अभियंता आर. एस. देशपांडे यांच्या 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' (१९३९) यांसारख्या ग्रंथांनी अशा कुटुंबांना घराची मांडणी समजावून दिली.

साकीनाका परिसर :
अंधेरी-कुर्ला रस्ता व साकी विहार रस्ता जेथे मिळतात, त्या साकीनाका परिसरात कारखाने, गोदामे, गाळे व दाट वस्ती शेजारी शेजारी वाढली. येथील अनेक लहान घरांत सकाळी स्वयंपाक होतो, दुपारी तेथेच शिलाई किंवा जुळणीचे काम चालते आणि रात्री तेथेच अंथरूण पडते. बबल डायग्राममध्ये काम व जागा दिसते, वेळ दिसत नाही. त्यामुळे अशा घराची आकृती काढली, तर एकच वर्तुळ उरते व त्यातून काहीच कळत नाही.

ही केवळ आकृतीची अडचण नाही. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे खैरानी रोडवरील एका फरसाणाच्या दुकानाला आग लागून तेथेच झोपलेल्या १२ कामगारांचा मृत्यू झाला. जेथे भट्टी, तेथेच झोप. ज्या दोन वर्तुळांमध्ये एकही रेषा नसावी, ती दोन्ही एकच झाली होती. या कामगारांचे घर कोणत्याही आराखड्यावर नव्हते.

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेत प्रारंभी २२५, पुढे २६९ व आता ३०० चौरस फुटांचे घर ठरले. स्वतःचा संडास व पाणी मिळाले, ही मोठी प्राप्ती होय. तथापि मोजमाप क्षेत्रफळाचे झाले, दिवसाचे नाही. उंच इमारतीच्या अरुंद मार्गिकेत चाळीच्या गॅलरीतील कामांना जागा राहिली नाही.

निष्कर्ष :
१) घराच्या मांडणीत सामाजिक संबंध व्यक्त होतात. वर्तुळांमधील रेषा तटस्थ नसतात.
२) लहान घरासाठी सकाळ, दुपार व रात्र अशा तीन स्वतंत्र आकृत्या काढणे आवश्यक आहे.
३) उपजीविकेचे काम व दाराबाहेरील जागा यांना आकृतीत स्वतंत्र वर्तुळ मिळावे.
४) आग व झोप यांतील अंतर आणि बाहेर पडण्याची वाट या बाबी क्षेत्रफळाच्याही आधी ठरविल्या जाव्यात.

कागदावर एक वर्तुळ अधिक काढण्यास खर्च येत नाही. ते न काढल्याची किंमत मात्र तेथे राहणाऱ्यांना मोजावी लागते, हे साकीनाक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.