कालव्याचा काठ, रुळांचा बांध : फ्रान्समधील सायकलवाटांची पूर्वपीठिका

फ्रान्सच्या ग्रामीण भागातून मोटारींच्या वाटेला न जाता शेकडो किलोमीटर सायकलने फिरता येते, याचे श्रेय सामान्यतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील पर्यटनधोरणाला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. अशा वाटांपैकी मुद्दाम सायकलींसाठी नव्याने आखलेल्या वाटा थोड्या आहेत. बहुतेक वाटा एक तर कालव्यांच्या काठाने जातात, नाही तर बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या बांधावरून जातात. त्यांची आखणी सतराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत, माल वाहण्याच्या गरजेतून आणि राज्यसंस्थेच्या महत्त्वाकांक्षेतून झालेली आहे. त्यामुळे त्यांचा इतिहास हा मुख्यतः स्पर्धेत हरलेल्या दोन वाहतूकव्यवस्थांचा आणि त्या हरल्यावरही सार्वजनिक मालकीत टिकून राहिलेल्या जमिनीचा इतिहास ठरतो.

यांतील जुना भाग कालव्यांचा. चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, त्याचा मंत्री सुली याच्या पुढाकाराने १६०४ मध्ये सुरू झालेला आणि १६४२ मध्ये पुरा झालेला ब्रियारचा कालवा हा ल्वार आणि सेन या दोन नद्यांची खोरी जोडणारा, मधला उंचवटा लॉकच्या साहाय्याने ओलांडणारा कालवा होता. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधील हौदात पाणी भरून किंवा सोडून नाव वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेण्याची रचना. हेच तंत्र पुढे चौदाव्या लुईच्या काळात दक्षिणेत फार मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. मीठकराच्या वसुलीत श्रीमंत झालेल्या प्येर-पॉल रिके याने मंत्री कोल्बेर याचा पाठिंबा मिळवून १६६६ च्या राजाज्ञेनुसार तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे सुमारे २४० किलोमीटर लांबीचा कालवा खोदायला घेतला. ऐन भरात या कामावर सुमारे बारा हजार मजूर होते आणि त्यांत स्त्रियांची संख्याही लक्षणीय होती. सरकारी निधी अपुरा पडू लागला तेव्हा रिकेने स्वतःची संपत्ती कामात ओतली, कर्जे काढली, आणि १६८० मध्ये, कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी, तो वारला. ‘कनाल द्यु मिदी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कालव्याला १९९६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले.

सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र पाण्याहून महत्त्वाचा आहे तो काठ. वाफेची आणि डिझेलची इंजिने येईपर्यंत नावा माणसे किंवा घोडे दोराने ओढत नेत असत, आणि त्यासाठी पाण्याला लागून अखंड, झाडाझुडपांचा अडथळा नसलेली वाट राखावी लागे. फ्रेंचमध्ये तिला ‘शमँ द आलाज’, म्हणजे नाव ओढण्याची वाट, म्हणतात. जलमार्ग व वने यांविषयीच्या १६६९ च्या राजाज्ञेने नौकानयनयोग्य नद्यांच्या काठच्या जमीनमालकांवर असे बंधन घातले की, ओढीच्या बाजूने २४ फूट रुंदीची जागा त्यांनी मोकळी सोडावी. जुन्या फ्रेंच फुटांतील ते माप आजच्या कायद्यात ७.८० मीटर म्हणून कायम आहे, ही गोष्ट राज्यक्रांतीसह अनेक राजवटी उलथल्या गेलेल्या देशात विशेष म्हणावी लागेल. कालव्यांच्या बाबतीत तर काठ मुळातच कालव्याच्या मालमत्तेचा भाग होता. दोन लॉकांमधील पाणी सपाट असल्यामुळे वाटही सपाट राहते आणि चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही काही मीटरांचा. अडीच-तीनशे वर्षांनी सायकलस्वाराला जे सुख वाटते ते मुळात घोड्याची दमछाक वाचवण्यासाठी केलेले होते.

दुसरा भाग रेल्वेचा. १८६५ च्या कायद्याने स्थानिक महत्त्वाच्या रेल्वेमार्गांना वाट मोकळी करून दिली होती. परंतु खेड्यापाड्यांत रूळ पोहोचवण्याचा खरा सपाटा सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने याच्या योजनेमुळे. १७ जुलै १८७९ च्या कायद्यात १८१ मार्गांची यादी असून त्यांची एकूण लांबी सुमारे ८,८०० किलोमीटर भरते. त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने मुख्य जलमार्गांवरील लॉकचे किमान मापही ठरवून दिले गेले. या योजनेमागे आर्थिक हिशेबापेक्षा राजकीय हेतू अधिक होता: नुकतेच स्थिरावू लागलेले तिसरे प्रजासत्ताक ग्रामीण मतदाराला आपलेसे करू पाहत होते, आणि आपल्या गावात स्थानक असणे ही त्या मतदाराच्या दृष्टीने प्रजासत्ताकाची सर्वांत ठळक खूण होती. परिणामी असे अनेक मार्ग बांधले गेले की ज्यांवर पुरेसे प्रवासी आणि पुरेसा माल कधीच मिळाला नाही. इंजिनाची लोखंडी चाके गुळगुळीत रुळांवर तीव्र चढाला घसरत असल्यामुळे मार्ग सौम्य उताराचा ठेवणे भाग होते. म्हणून टेकड्या कापल्या गेल्या, खोलगट भागांत मातीचे उंच बांध घातले गेले, बोगदे आणि कमानींचे पूल उभारले गेले. तोट्यातल्या गाड्यांसाठी केलेला हा खर्च पुढे सायकलस्वारांच्या पथ्यावर पडला.

या काळात सायकल स्वतः कोठे होती, हेही पाहिले पाहिजे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘तूरिंग क्लब द फ्राँस’ या संस्थेने सायकलप्रवासाला संघटित रूप दिले. रस्त्यांवर दिशादर्शक फलक लावण्याच्या कामी तिचा मोठा वाटा होता. पण त्या काळी वेगळ्या मोटारमुक्त वाटेची मागणी उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण सगळेच रस्ते जवळजवळ मोटारमुक्त होते. सँतेत्येन या औद्योगिक शहरात राहणारा पॉल द विवी (१८५३–१९३०), जो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला, आपल्या ‘ल सिक्लिस्त’ या मासिकातून लांब पल्ल्याच्या प्रवासाचा आणि बदलत्या गिअरचा अखंड पुरस्कार करीत राहिला, तो याच मोकळ्या रस्त्यांच्या भरवशावर. त्याचा मृत्यू त्याच शहरात ट्रामच्या धडकेने झाला. १९३६ च्या जून महिन्यात लेआँ ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवून दिली आणि त्या उन्हाळ्यात कितीतरी जोडपी टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, बाहेर पडली. मोटार सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर हा रस्ता सायकलस्वाराच्या हातून गेला. आणि ज्या तूरिंग क्लबने त्याला सायकलवर बाहेर काढले होते तोच दरम्यान मोटारपर्यटनाचा उत्साही प्रचारक बनला होता.

मोटारीने सायकलीचा रस्ता घेतला, तशीच रेल्वेची गिऱ्हाईकेही घेतली. १ जानेवारी १९३८ रोजी खाजगी कंपन्या एकत्र करून राष्ट्रीय रेल्वे स्थापन झाली आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो किलोमीटरांवरील प्रवासी गाड्या थांबवून त्यांच्या जागी बसगाड्या आणल्या गेल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच मार्गांवर काही काळ बीट, धान्य किंवा लाकूड वाहिले गेले; मग तेही संपले. रूळ भंगारात गेले, फाटकवाल्यांची घरे विकली गेली, मात्र बांध तसेच राहिले. काही ठिकाणी ते शेतात मिसळून गेले, काही ठिकाणी बोरीबाभळींसारख्या काटेरी झुडपांनी व्यापले.

अशा मार्गाचे पहिले यशस्वी पुनरुज्जीवन बरगंडीत झाले. सोन-ए-ल्वार जिल्ह्यातील जिव्रीपासून क्लुनीपर्यंतच्या, सुमारे ४४ किलोमीटरच्या जुन्या रेल्वेमार्गावर डांबरीकरण करून १९९७ मध्ये ‘व्वा वेर्त’, म्हणजे हरितमार्ग, खुला करण्यात आला; फ्रान्समधील या प्रकारचा तो पहिला मार्ग मानला जातो. पुढे तो माकाँच्या दिशेने वाढवला गेला तेव्हा ब्वा क्लेरचा सुमारे १.६ किलोमीटर लांबीचा बोगदाही त्यात आला. हा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांच्या विश्रांतीसाठी बंद ठेवला जातो आणि तेवढे दिवस सायकलस्वाराला खिंड चढून जावी लागते. बोर्दोजवळच्या जुन्या रेल्वेमार्गावर तयार झालेल्या अशाच एका वाटेला रोजे लापेबीचे नाव आहे. तूर द फ्राँस या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, आणि त्याच वर्षी लापेबी विजेता ठरला; वेलोसियोचा जन्मभराचा आग्रह अशा रीतीने तो गेल्यावर सात वर्षांनी मान्य झाला.

कालव्यांच्या काठांचा प्रश्न अधिक कायदेशीर स्वरूपाचा होता. ६ फेब्रुवारी १९३२ च्या नियमावलीप्रमाणे तेथे पायी चालण्याव्यतिरिक्त कोणत्याही प्रकारे जायचे तर लेखी परवाना लागत असे. १९९८ मध्ये सायकलमार्गांचा राष्ट्रीय आराखडा संमत झाला, स्थानिक परिषदांनी जलमार्ग प्राधिकरणाशी देखभालीचे करार केले, आणि १६ सप्टेंबर २००४ च्या आदेशाने हरितमार्गाला वाहतूक-नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले: पादचारी, घोडेस्वार आणि इंजिन नसलेली वाहने यांच्यासाठीच राखलेला मार्ग, अशी त्याची व्याख्या झाली. तरीही दर्जा सर्वत्र सारखा नाही. तूलूझकडील सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी वाट संपून ओद जिल्हा लागला की कनाल द्यु मिदीचा काठ मातीचा आणि मुळांनी उखणलेला होतो. त्या मुळांच्या मालकांवर, म्हणजे कालव्याला सावली देणाऱ्या चिनार जातीच्या प्लेन वृक्षांवर, २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाची धाड आली असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या अमेरिकी लाकडी पेट्यांतून ही बुरशी युरोपात आली, असे मानले जाते.

कालवा आणि रेल्वे या दोन्ही वारशांची गाठ ब्रिटनी प्रांतात एकाच ठिकाणी पडते. इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीला बगल देण्यासाठी नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये, नाँत ते ब्रेस्त हा सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा सुरू झाला. ग्लोमेलजवळचा खोल चर ब्रेस्तच्या कारागृहातील कैद्यांकडून खोदून घेण्यात आला, आणि कालवा १८४२ मध्ये पुरा झाला तोवर ती नाकेबंदी इतिहासजमा झालेली होती. १९२० च्या दशकात गेर्लेदाँ येथे वीजनिर्मितीचे धरण बांधले गेले, त्याच्या जलाशयाने अनेक लॉक गिळले आणि कालव्याचे कायमचे दोन तुकडे झाले. नावेला तेथून पुढे जाता येत नाही. सायकलस्वार मात्र १९६७ मध्ये बंद झालेल्या अरुंद रुळांच्या ब्रेतों रेल्वेच्या बांधावरून तलावाला वळसा घालतो आणि पलीकडे पुन्हा कालव्याच्या काठाला लागतो.